कुटुंबवत्सल पित्याचे स्मरण कसे करावे?

मेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये, असा आपल्या लोकांत एक जुना संकेत आहे, आणि तो सर्वस्वी टाकाऊ आहे असे कोणी म्हणणार नाही. जो उत्तर देण्यास उरला नाही त्याजवर दोष ठेवणे हे भ्याडपणाचे काम होय. परंतु या संकेताच्या आड पुष्कळ वेळा दुसरीच एक गोष्ट दडलेली असते. ती ही की, मागे राहिलेल्यांस खरे ऐकण्याची भीती वाटत असते. या दोहोंतील भेद कसा ओळखावा, आणि ज्या पित्याने आपल्या घरावर मनापासून प्रेम केले त्याचे स्मरण त्याच्या मुलांनी कोणत्या रीतीने करावे, हा प्रश्न नुकताच मजपुढे आला. त्या प्रसंगी माझ्या हातून एक चूक घडली. ती येथे सांगतो, कारण खेडोपाडी काम करणाऱ्या उपदेशक बंधूंवर असे प्रसंग वारंवार येतात.

मुळशी धरणाच्या पाण्यावर, डोंगराच्या उतरणीस एक लहानशी वाडी आहे. तेथील आमच्या मंडळीतले एक वृद्ध गृहस्थ मागल्या पावसाळ्यात वारले. थोडी भातशेती आणि सुगीनंतर मिळेल ती मजुरी यांवर त्यांनी संसार केला. त्यांच्या पत्नीस अर्धांगवायू झाला, तेव्हापासून तिच्या मरणापर्यंत नऊ वर्षे त्यांनी स्वतःच्या हातांनी तिला अंघोळ घातली, भरविले, तिची वेणी घातली. वाडीतले पुरुष प्रथम हसत असत. पुढे ते हसणे थांबले. आणि शेवटी नव्या नवऱ्यांस चार शब्द सांगताना म्हातारी माणसे त्यांच्याच घराकडे बोट दाखवू लागली. दोन मुलगे त्यांनी पौडास ठेवून शिकविले. दारूचा थेंब कधी घरात येऊ दिला नाही. अशा पुरुषाच्या स्मरणार्थ उपासना व्हावी आणि तीत त्यांचे गुण सांगितले जावेत, हे योग्यच होते. मुलांनी आपल्या वडिलांविषयी एक टिपण लिहून माझ्या हाती दिले.

आदल्या संध्याकाळी त्यांची थोरली मुलगी मजकडे आली. तिचे वय पन्नाशीच्या पुढचे. ओट्यावर बसून ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “पाळकसाहेब, उद्या मी पण चार शब्द बोलू का?” मी म्हटले, “अवश्य बोला, ताई. काय सांगणार?”

ती म्हणाली, “आप्पांनी आईचं केलं, तसं कुणी करायचं नाही. ते तर सांगणारच. पण माझी शाळा चौथीत सुटली, ती त्यांनीच सोडवली. भावांना पौडाला ठेवलं, मग गुरं कोण राखणार, म्हणून. मी रडले, तर आप्पा काही बोलले नाहीत. उठून बाहेर गेले. आजारात एकदा रात्री मला जवळ बसवून म्हणाले, ‘पोरी, तुझी पाटी मी हिसकावली.’ एवढंच. मला तेवढ्यानं भरून आलं. हे उद्या सांगावं असं वाटतं.”

मी क्षणभर विचार केला आणि म्हणालो, “ताई, उद्याचा दिवस त्यांच्या गौरवाचा आहे. घरातली गोष्ट घरात राहिलेली बरी.” माझ्या मनात त्या वेळी नोहाच्या मुलांची कथा होती. बापाची नग्नता पाहू नये म्हणून वस्त्र घेऊन पाठमोरे चालत जाणारे ते दोघे भाऊ मला आठवले, आणि आपण शास्त्राला धरूनच सल्ला दिला असे मला वाटले. तिने मान हलविली व ती गेली. दुसऱ्या दिवशी उपासना झाली. मी टिपण वाचले. त्यात काही शब्दांची भर घातली. लोकांनी डोळे पुसले. ती बायकांमध्ये मागे बसली होती. सगळी वाडी रडली. ती रडली नाही. परतीच्या वाटेवर मला उमगले, की ज्या मनुष्याचे मी त्या दिवशी वर्णन केले तो तिचा बाप नव्हताच. तिचा बाप पाटी हिसकावणारा होता, आणि पुढे चाळीस वर्षे ती गोष्ट मनात वागवून अखेरीस ती कबूल करणारा होता. त्यांच्या आयुष्यातले कदाचित सर्वांत कठीण असे जे एक वाक्य, तेच मी गौरवाच्या नावाखाली दडपून टाकले होते.

त्यानंतर पुष्कळ दिवस माझ्या मनात एका दुसऱ्या पित्याचा आणि त्याच्या मुलीचा विचार घोळत राहिला. पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेस आपली मुळशी आहे. पूर्वेच्या अंगास दौंड तालुक्यात केडगाव आहे. तेथील मुक्तिसदन आणि त्याच्या संस्थापिका पंडिता रमाबाई ही नावे आपल्या मंडळ्यांत सर्वांस ठाऊक आहेत. परंतु रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांची माहिती फार थोड्यांस असते.

अनंतशास्त्री हे मंगळूरकडील चित्पावन ब्राह्मण. तरुणपणी विद्येसाठी ते पुण्यास आले. त्यांचे गुरू दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या वाड्यात एका राणीस संस्कृत शिकवीत असत. स्त्रीच्या मुखातून संस्कृत श्लोक ऐकून या तरुणास आश्चर्य वाटले, आणि आपणही घरी जाऊन बायकोस शिकवावे असे त्याने ठरविले. पहिल्या पत्नीच्या बाबतीत घरच्यांच्या विरोधामुळे ते साधले नाही. ती वारल्यावर, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, यात्रेच्या वाटेवर गोदाकाठी त्यांचे दुसरे लग्न झाले. वधू लक्ष्मीबाई नऊ वर्षांची होती. तिला मात्र त्यांनी शिकविलेच. समाजाने दोष दिला, उडुपीस विद्वानांच्या सभेपुढे उत्तर देण्याचा प्रसंग आला. त्यांनी ग्रंथांतील आधार काढून दाखविले आणि आपला हेका सोडला नाही. जनांचा त्रास नको म्हणून सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे, त्यांनी घर बांधले, आणि तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. अवघी सहा महिन्यांची ती मुलगी वेताच्या पेटाऱ्यात घालून, गड्याच्या डोक्यावर देऊन, हे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. पुढे वडील म्हातारे झाले, म्हणून रमाबाईंस आईनेच शिकविले. पहाटे पाखरे जागी होण्याच्या वेळी आई तिला लाडाने उठवी व मांडीवर घेऊन पाठ म्हणवून घेई. नवऱ्याने बायकोस दिलेली विद्या अशा प्रकारे आईकडून मुलीकडे आली.

पत्नीस आपल्या बरोबरीने विद्येत वाटेकरी करणारा, आणि त्यासाठी जातीचा रोष अंगावर घेणारा हा पुरुष कुटुंबवत्सल नव्हता, असे कोण म्हणेल? परंतु हेही तितकेच खरे की, त्याच पुरुषाने नऊ वर्षांच्या पोरीशी लग्न केले. थोरल्या मुलीचे लग्न त्याने लहानपणीच करून दिले, आणि ते दुःखाचे झाले. गंगामूळ येथे पाहुणे, यात्रेकरू व विद्यार्थी यांच्यावर त्याने हात सैल सोडून खर्च केला, आणि घर कर्जात बुडाले. मुलांस पुराणे पाठ करविली, पण पोट भरण्याची कोणतीही विद्या संसारी म्हणून त्यांच्यापासून दूर ठेविली. पुढे १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला, तेव्हा उरलेसुरले द्रव्य दानधर्मात गेले. तीर्थोतीर्थी फिरून, उपास काढून, शेवटी रानातला पाला खाऊन दिवस कंठण्याची पाळी आली. म्हाताऱ्या पित्याने पवित्र तळ्यात देह टाकण्याचा निश्चय केला आणि एकेका मुलास जवळ घेऊन निरोप दिला. तेव्हा मुलगा म्हणाला की, मी हलक्यातले हलके काम करून तुम्हांला पोशीन. आणि तो बेत राहिला. परंतु थोड्याच दिवसांत वडील गेले, मागोमाग आई आणि मग थोरली बहीण. आईची तिरडी उचलण्यास पुरेशी माणसे मिळाली नाहीत, म्हणून रमाबाईंनी स्वतः खांदा द्यावयाचे ठरविले. पण उंची कमी पडल्यामुळे ते ओझे त्यांना डोक्यावर घ्यावे लागले.

आता असा पिता ज्या मुलीस लाभला तिने त्याची आठवण कशी ठेवावी? प्रेम केले म्हणून चुका झाकाव्या, की चुकांमुळे भूक भोगली म्हणून प्रेम विसरावे? रमाबाईंनी या दोहोंपैकी काहीही केले नाही.

१८८७ साली अमेरिकेत त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीची स्थिती हा त्याचा विषय. बालविवाहात मुलीस किती सहजपणे परक्याच्या हाती देतात हे दाखविण्यासाठी त्यांनी एक हकीकत सांगितली. नदीवर स्नानास आलेल्या एका मनुष्याने तेथे भेटलेल्या अनोळखी प्रवाशास आपली नऊ वर्षांची मुलगी देऊन टाकली, आणि दुसऱ्या दिवशी तो प्रवासी तिला घेऊन शेकडो कोस दूर निघून गेला. ही मुलगी भाग्याने चांगल्या माणसाच्या हाती पडली, हेही त्यांनी नमूद केले. हे आपल्याच आईबापांचे लग्न होते हे त्यांनी तेथे सांगितले नाही. प्रस्तावना लिहिणाऱ्या रेचेल बॉडले बाईंनी ते वाचकांस कळविले. वाचकहो, येथे थोडे थांबून पहा. चालीचा निषेध करावयाचा तर आपल्या घराचेच उदाहरण पुढे ठेवावयाचे. बापाचे नाव घेऊन त्यास चारचौघांत उभे करावयाचे नाही. आणि तो चांगला होता ही साक्षही त्याच ठिकाणी द्यावयाची! सत्य आणि आदर एकाच हातात धरता येतात, हे त्या मुलीने करून दाखविले.

दुसरी गोष्ट याहूनही मोठी. १८८२ साली सरकारने नेमलेल्या शिक्षण आयोगापुढे पुण्यात रमाबाईंची साक्ष झाली. त्या नुकत्याच विधवा झाल्या होत्या. पदरी एक तान्ही मुलगी होती. स्त्रीशिक्षणाविषयी बोलण्याचा तुमचा अधिकार कोणता, असे विचारता त्यांनी आपल्या विद्वत्तेचा दाखला दिला नाही. स्त्रियांस शिकवावे असे म्हटल्याबद्दल ज्याने फार सोसले अशा मनुष्याची मी मुलगी आहे, आणि म्हणून हे काम मरेपर्यंत चालविणे माझे कर्तव्य आहे, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. पुढे त्याच शब्दाप्रमाणे ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. ते दुसऱ्या वर्षी पुण्यास आले. आणि १८९६ पासूनच्या दुष्काळात उपाशी मुली व बायका यांना घेऊन केडगावचे काम वाढले. तेथे स्त्रियांस नुसते वाचन नव्हे, तर विणकाम, छपाई, शेती अशी पोट भरण्याची कामेही शिकविली. बापाने जे दिले ते त्यांनी पुढे दिले. बापाने जे द्यावयाचे राहिले तेही त्यांनी भरून काढले. माझ्या समजुतीप्रमाणे पित्याच्या स्मरणाची पूर्ण रीत ती हीच.

त्यांनी १८८३ साली धर्म बदलला. वडील मरेपर्यंत विष्णूचे भक्त होते. तथापि त्या पित्याविषयी त्यांच्या लेखणीतून उपहासाचा शब्द आला नाही. मरतेवेळी त्याने आपल्याला देवाच्या हाती सोपविले, ही आठवण त्यांनी जन्मभर जतन केली. आपल्यापैकी ज्यांचे आईबाप किंवा आजे जुन्या धर्मातच वारले, त्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. मार्ग वेगळा झाला, तरी ऋण फिटले असे होत नाही.

पत्नीने पतीची आठवण कशी लिहावी याचेही एक उदाहरण आपल्याजवळ आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाली. त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ साली वारले होते. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा बाईंची काय दशा झाली, त्यांचा तापट स्वभाव, हातचे असेल नसेल ते कोणाही गरजवंतास देऊन टाकण्याची सवय, यांतले बाईंनी काही म्हणजे काही झाकले नाही. ज्या पुरुषाने त्यांस लिहावयास शिकविले त्याच्याविषयी त्यांनी इतके मोकळेपणाने लिहिले; आणि ते वाचून टिळकांवरचे कोणाचे प्रेम कमी झाले, असे माझ्या ऐकिवात नाही. उलट पुष्कळांस ते त्या पुस्तकामुळेच आपल्या घरच्यासारखे वाटतात. निव्वळ स्तुती माणसाला लांब नेऊन बसविते; खरी हकीकत त्याला जवळ आणते.

कोणी म्हणेल, बापाचा मान राख अशी आज्ञा आहे, तिचे काय? होय, आज्ञा आहेच. परंतु ज्या शास्त्रात ती आज्ञा आहे त्याच शास्त्राने याकोबाने एका मुलास अधिक जवळ केले हे लपविले नाही, आणि दाविदाचे पापही लपविले नाही. नोहाच्या मुलांनी वस्त्र पांघरले ते बापाची थट्टा होऊ नये म्हणून. ती गोष्ट कोणी कधी सांगूच नये असा त्याचा अर्थ असता, तर ती आपणापर्यंत आलीच नसती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शौल पडला तेव्हा दाविदाने विलाप केला, आणि त्या विलापात शौलाने आपल्या जिवावर किती वेळा उठावे याचा एक शब्दही काढला नाही. मग मौन हेच थोर नव्हे काय? मी यावर पुष्कळ विचार केला, आणि मला असे दिसून आले की, ते मौन थोर होते याचे कारण ते दाविदाचे होते. ज्यास भाला फेकून मारले तोच गप्प राहिला. त्याला कोणी पाळकाने आदल्या रात्री, उद्या ते बोलू नकोस, म्हणून सांगितले नव्हते. मौन हे ज्याला दुखापत झाली त्याने आपखुशीने द्यावयाचे दान आहे. ज्यांना दुखापत झाली नाही, किंबहुना ज्यांचा त्यात फायदा झाला, त्यांनी ते दुसऱ्याकडून वसूल करावे, हा अन्याय होय. मी त्या ताईंकडून हेच वसूल केले होते.

ज्या खोऱ्यात ही गोष्ट घडली त्या खोऱ्याच्या आठवणीसही हाच नियम लागू पडतो. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटांच्या कंपनीने विजेसाठी धरण बांधावयास घेतले, आणि १९२१ ते १९२४ या वर्षांत येथील मावळ्यांनी सेनापती बापट व इतर पुढाऱ्यांबरोबर सत्याग्रह केला. गावे आणि आंबेमोहराची खाचरे शेवटी पाण्याखाली गेली. बापटांचे धैर्य आणि कंपनीचे सामर्थ्य यांविषयी आपण मुलांस सांगतो, ते बरोबरच आहे. परंतु पुष्कळ कुळांच्या जमिनी त्याआधीच सावकारांकडे अडकल्या होत्या, आणि भरपाईकडे डोळे लावून या सावकारांनी लढ्यातून अंग काढून घेतले, हा भाग सांगताना आपला आवाज खाली येतो. त्या वृद्ध गृहस्थांचे वडील अशाच एका बुडालेल्या गावचे. घरी सांगत ते तांदळाच्या वासाचे. कर्जाचे कोणी बोलत नसे. पण गुरे राखण्यास गडी ठेवण्याची ऐपत त्या घरात का नव्हती, आणि म्हणून एका मुलीची पाटी का गेली, याचे अर्धे उत्तर त्या न सांगितलेल्या भागातच आहे. खरे सांगितले असता बापाचा दोष पुसला जात नाही. पण तो कोणत्या ओझ्याखाली घडला हे कळते, आणि क्षमा करणे सोपे जाते. झाकलेल्या गोष्टीस क्षमा कशी करणार?

याचा अर्थ प्रत्येक स्मरणसभेत घरचे उणे काढावे असा नव्हे. कित्येक जण सत्याच्या नावाने सूड उगवितात. म्हणून बोलणाऱ्याने स्वतःस तीन प्रश्न विचारावेत. ही दुखापत माझी आहे, की मी दुसऱ्याची गोष्ट उचलून सांगत आहे? मी हे त्यांच्या चांगुलपणासह सांगत आहे, की त्याऐवजी सांगत आहे? आणि हे सांगितल्याने मागे राहिलेल्यांस काही करावयाचे सुचेल, की नुसते हळहळावयास होईल? त्या ताईंचे चार शब्द या तिन्ही प्रश्नांतून सुखरूप पार पडले असते. ते मी तपासून पाहण्याचेही श्रम घेतले नाहीत.

सुगी आटोपल्यावर मी पुन्हा त्या वाडीस गेलो. भाऊही घरी होते. सर्वांसमोर मी ताईंस म्हटले, “त्या दिवशी मी तुम्हांला बोलू दिले नाही, ती माझी चूक झाली. मला क्षमा करा.” ती प्रथम म्हणाली, “आता कशाला, पाळकसाहेब? झालं गेलं.” मग थोड्या वेळाने तिने ती गोष्ट सांगितली, जेवढी मजकडे सांगितली होती तेवढीच, जास्त नाही. धाकटा भाऊ खाली पाहत होता. तो म्हणाला, “अक्का, मी शिकलो तो तुझ्या जिवावर. मला ठाऊक होतं. म्हणूनच टिपणात तुझं नाव लिहायला माझा हात धजला नाही.” त्यावर तिला रडू आले, आणि उपासनेच्या दिवशी जे आले नव्हते ते आप्पांसाठीचे रडणे हेच, असे मला वाटले. तिच्या नातीची पुढल्या वर्षी पौडास शिकण्याची सोय दोघे भाऊ मिळून करणार आहेत. ही गोष्ट माझ्या सूचनेवरून झाली नाही, एवढे मी नमूद करतो.

उपदेशक बंधूंनो, पुढल्या वेळी कोणा चांगल्या पित्याच्या स्मरणार्थ बोलण्याचे काम तुम्हांकडे येईल, तेव्हा मुलांनी दिलेले टिपण अवश्य घ्या. परंतु त्या घरात ज्याच्या वाट्यास कमी आले असेल त्याच्याजवळही जाऊन बसा, आणि त्याला विचारा की, तुम्हांला काही सांगावयाचे आहे काय? तो नको म्हणाला तर त्याच्या मौनाचा मान ठेवा. तो बोलला तर त्याला थांबवू नका.